डाव्या चाकाची पिन

१

धारूरहून घाट उतरायला लागण्याआधी डाव्या हाताला पत्र्याचं एक शेड लागतं. पुढे लिंबाचं झाड, झाडाखाली मोडक्या जीपचं सीट, आणि त्या सीटवर बहुधा चहाची वाट बघणारं कोणीतरी. हे रामकिसन आणि शहादेव यांचं गॅरेज. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली घडलेले, पंचवीस वर्षांचे भागीदार. शहादेव बोलका, गिऱ्हाइकाला हसवत हसवत दोन कामं जास्तीची गळ्यात मारणारा. रामकिसन घुमा. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला बोल्ट काढण्यापैकी काम.

पाटोद्याचे अर्जुनराव, निवृत्त हेडमास्तर, त्यांच्या वडिलांच्या वेळची पिकअप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घेऊन आले, तेव्हा शहादेव पोट धरून हसला होता. बावीस वर्षं ती कडब्याच्या शेडात उभी होती. मागच्या हौद्यात कोंबड्यांनी अंडी घातलेली.

"हसू नका हो," अर्जुनराव म्हणाले. "चेसिस बघा आधी. आजकालच्या चार गाड्या वितळवल्या तरी एवढं लोखंड निघायचं नाही."

ते खरंच होतं. रामकिसनने बोनेटवर हात ठेवला आणि न बोलता मान डोलावली. म्हणजे काम घेतलं.

इंजिन शहादेवने केलं. पुढच्या चाकांचं काम रामकिसनकडे आलं. खरं तर अकरा वर्षं पुढच्या चाकांचं काम त्याने केलं नव्हतं, ते शहादेवच करायचा, शेवटची तपासणी तेवढी रामकिसनकडे. पण या वेळी शहादेवची कंबर धरलेली. स्प्रिंगचे जड पाटे उचलणं त्याच्याच्याने होईना. तेव्हा रामकिसनने पाट्यांचे दोन्ही जुडगे खोलले, एकेक पान डिझेलमध्ये धुतलं, नवे बुश ठोकले, चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिना बदलल्या. खोललेला प्रत्येक तुकडा त्याने गोणपाटावर क्रमाने मांडून ठेवला होता, डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे. गोणपाट कोणी ओलांडायचं नाही. आता तीन दिवस तो उलट्या क्रमाने सगळं परत चढवत होता. पाटे बसले, यू-बोल्ट कसले, शॉकप लागले. शेवटी राहिला तो दोन्ही चाकांना मिळून वळवणारा आडवा दांडा, आणि त्याच्या दोन टोकांचे दोन नट.

या नटांना खाचा असतात. नट कसला की खाचेतून आणि बोल्टच्या भोकातून आरपार एक दोन पायांची पिन घालायची आणि तिचे पाय दुमडायचे. मग गाडी कितीही आदळू दे, नट फिरत नाही. बोटाच्या पेराएवढी वस्तू, पण चाक तिच्या भरवशावर असतं. उस्ताद सांगायचा, "कसणारा हात येगळा, पिनीचा हात येगळा." एकाने कसायचं, दुसऱ्याने नट तपासून पिन घालायची. म्हणजे दोघांची नजर पडते आणि चूक निसटत नाही. उस्ताद जाऊन जमाना झाला, पण या गॅरेजात हा नियम कधी मोडला नाही.

संध्याकाळी रामकिसनने दोन्ही नट कसले. कसून झाल्यावर परत कसून पाहिले, आणि परत. शहादेव कंबर धरत खाली सरकला. उजवीकडून हातोडीचे तीन हलके ठोके ऐकू आले, मग डावीकडून तीन. "झालं बे, चल," तो म्हणाला. रामकिसनने शेडला कुलूप घातलं. किल्ली एकच होती, ती त्याच्या कडदोऱ्याला असायची.

२

सकाळी डाव्या नटाला पिन नव्हती.

रामकिसन गोणपाटावर पडून बॅटरीच्या उजेडात बघत राहिला. उजवीकडची जागच्या जागी होती, पाय नीट दुमडलेले. डावीकडे भोक मोकळं.

"विसरलास का रे डावी?" त्याने विचारलं.

शहादेव हातातला कप घेऊन तसाच उभा राहिला. "येडा झालास का? तुझ्या देखत घातली न्हाई का मी? ठोके ऐकले न्हाईस?"

"ऐकले."

"मग?"

रामकिसन परत गाडीखाली शिरला. त्याने खाली शोधलं. लोहचुंबक फिरवलं. बारीक कचरा, जुने वायसर, सगळं चिकटून आलं, पिन आली नाही. घूस चमकतं ते नेते म्हणून त्याने भिंतीकडेची बिळं पाहिली. पण दुमडलेले पाय सरळ करून पिन बाहेर ओढणारी घूस बीड जिल्ह्यात अजून जन्माला यायची होती.

"घाल दुसरी," तो म्हणाला.

शहादेवने दुसरी घातली. पहिल्यांदा ती त्याच्या बोटांतून निसटली. कंबरेमुळे असेल, असं रामकिसनला वाटलं.

वाटलं, कारण दुसरं काही वाटून घ्यायची त्याची तयारी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी याच शेडात, याच जातीची एक पिकअप उभी होती. ती रामकिसनचा धाकटा भाऊ समाधान चालवायचा. सीताफळांचे दिवस होते. बालाघाटच्या डोंगरातली फळं, आज भरली नाहीत तर उद्या मऊ पडणारी. घाईघाईत दोघांनी मिळून त्या गाडीच्या दांड्याचं काम केलं होतं. रामकिसनने नट कसला होता, पिनीचा हात शहादेवचा होता. समाधान पन्नास क्रेट भरून घाटाला लागला आणि तिसऱ्या वळणावर डावं चाक भलतीकडेच वळलं. दरीतून वर आणला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि त्याच्या अंगाला सीताफळांचा वास येत होता.

दांड्याच्या टोकाला नट नव्हता. शहादेव सगळ्यांसमोर म्हणाला होता, "पिन मी माझ्या हातानं घातली. पण नटच आट्यावर नीट बसला नसंल, तर एकटी पिन किती येळ तग धरणार? कातरली जाती ती." हे म्हणताना तो रामकिसनच्या गळ्यात पडून रडला होता. आणि मग हळूच, "चुकी कुणाकडनं व्हत न्हाई, राम्या," असंही म्हणाला होता.

त्या दिवसापासून आई रामकिसनशी बोलली नाही. एकाच अंगणात राहते, पलीकडच्या खोलीत. स्वतःचं वेगळं रांधते. सुनेशी बोलते, नातवंडांशी बोलते, कुत्र्याशीसुद्धा बोलते. रामकिसन समोर आला की तोंड मिटतं. त्याने तिचा राग कधी केला नाही. मुलगा घालवला त्याच्याशी काय म्हणून बोलावं कोणी?

३

दुसऱ्या दिवशी सकाळीही भोक मोकळंच होतं.

या वेळी रामकिसनने बोट लावून पाहिलं आणि तसाच थबकला. भोकात माती होती. ओली, चिकट नव्हे, वाळून घट्ट झालेली, काडीने उकरावी लागली अशी. नट नवा, ग्रीस नवं, आणि भोक मात्र असं बुजलेलं की त्यातून कधी काही आरपार गेलंच नसावं. माती तांबडी होती. गॅरेजची जमीन काळी आहे. पाटोद्याची पण काळी. तांबडी लागते ती घाटात, तिसऱ्या वळणाखाली.

त्याने ती बोटावर घेतली, वास घेतला आणि पँटला पुसली. शहादेवला दाखवली नाही. का दाखवली नाही, याचा त्याने नंतर बराच विचार केला.

"परत?" शहादेव दारातूनच म्हणाला. आत आला नाही.

"परत."

"मास्तरची गाडीच बाधिक दिसती. देऊन टाक तशीच."

"पिनीबिगर?"

शहादेवने दाराची कडी उगाच वर-खाली केली. बोलका माणूस गप्प झाला की शेड मोठं वाटायला लागतं. वर पत्रा उन्हाने तडतडत होता.

रामकिसनने मग ठरवलं की हे डोळ्यांसमोर करायचं. भर दुपारी, दोन्ही दारं सताड उघडी टाकून त्याने शहादेवला खाली घातलं आणि स्वतः शेजारी पालथा पडला. बॅटरी धरली. पिन भोकातून गेली, पलीकडे निघाली, हातोडीने पाय दुमडले. टक, टक, टक. रामकिसनने बोटाने ओढून पाहिली. पक्की. मग दोघं बाहेर लिंबाखाली सीटवर बसले. शेडच्या दारातून गाडीचं नाक दिसत होतं. आत कोणी गेलं नाही. कुत्रंसुद्धा गेलं नाही.

चहा अर्धा झाला आणि आतून आवाज आला. टक.

एकच. नंतर बराच वेळ काही नाही. मग दुसरा, पहिल्यापेक्षा सावकाश, जसं कोणी दुमडलेला पाय सरळ करताना हात राखून ठोकतं तसा. आणि तिसरा.

"पत्रा वाजतोय," शहादेव म्हणाला. त्याच्या कपातला चहा बशीत सांडला होता. त्याने आत पाहिलं नव्हतं.

रामकिसन उठून आत गेला. भोक मोकळं होतं. त्यात माती होती, वाळलेली.

४

माणूस हिशेबी असला की भीतीलाही तपासून घेतो. रामकिसनला भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त एक गोष्ट सलत होती. उजवीकडची पिन शहादेवनेच घातली होती, ती शाबूत होती. चाकाच्या हबातल्या पिना त्याच्याच, त्याही शाबूत. फक्त डावीकडची टिकत नव्हती.

संध्याकाळी शहादेव गेल्यावर त्याने उस्तादाचा नियम मोडला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः कसलेल्या नटात स्वतः पिन घातली. तीन ठोके दिले. कुलूप घातलं.

रात्रभर त्याला झोप लागली नाही असं म्हणायची पद्धत आहे, पण तो मेल्यासारखा झोपला. सकाळी उठून न आंघोळ करता शेडवर गेला.

पिन होती. पाय दुमडलेले, ग्रीसवर त्याच्याच बोटाचा ठसा. भोवती मातीचा कण नाही.

तो तिच्याकडे बघत पाठीवर पडून राहिला. वर चेसिसचं थंड लोखंड, कानाशी गोणपाटाचा डिझेलचा वास. मग त्याने पक्कड घेतली, पाय सरळ केले, पिन काढून खिशात टाकली आणि शहादेवची वाट बघत बसला. तो आला तेव्हा म्हणाला, "घाल." शहादेवने घातली. दोघं बाहेर आले. या वेळी चहा सांगायच्या आतच आतून टक झालं.

म्हणजे रामकिसनची पिन राहत होती आणि शहादेवची राहत नव्हती. तीही फक्त एका जागी.

आता एखाद्याने म्हणावं, एवढं कळायला तीन दिवस लागले? अहो, काही गोष्टी कळायला अक्कल लागत नाही, छाती लागते. त्या कळल्या की अकरा वर्षं उलटी मोजावी लागतात. प्रत्येक दसऱ्याला ज्याच्या हातावर सोनं ठेवलं, आपल्या पोरीच्या लग्नात ज्याला आपल्या शेजारी उभा केला, तो सगळा माणूस परत पहिल्यापासून बघावा लागतो. रामकिसनला ते बघायचं नव्हतं. त्याला वाटत होतं की घूस असावी. देवा, घूसच असू दे.

५

"शहादेव," तो म्हणाला, "त्या दिशी घातली व्हतीस का पिन?"

कुठला दिवस, हे शहादेवने विचारलं नाही. त्यातच सगळं आलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं उजाडतं.

तो सीटवरून उठला, परत बसला. रस्त्याने एक ट्रक पहिल्या गिअरमध्ये घाट चढून वर आला आणि निघून गेला.

"डब्यात पिनाच न्हवत्या," तो म्हणाला. "एकच व्हती, ती उजवीकडं घातली. समाधान बाहेर हॉर्न वाजवीत व्हता, माल मऊ पडतोय म्हणून. म्हणलं माल टाकून आला की घालू. एका खेपेनं काय व्हतंय."

"ठोके ऐकले व्हते मी. डावीकडनं."

"ठोके मारले मी. तुला ऐकू यावं म्हणून."

रामकिसनला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण याच्या अंगावर जाऊ. पाना शेजारीच पडला होता. पण त्याने तो पायाने लांब सारला. रिकाम्या भोकावर मारलेले तीन ठोके! नुसती कुचराई असती तर एखादे वेळी त्याने गिळलीही असती. हे ठोके घशाखाली उतरेनात. अकरा वर्षं तो प्रत्येक नट तीन तीनदा कसत आला होता, मनगट कायमचं दुखून बसलं होतं. आणि हा पलीकडे उभा राहून ते बघत होता, "बास कर बे, तुटंल" म्हणून थट्टा करत होता.

"माझ्या भावाला खाल्लंस," तो म्हणाला, "आणि उष्टं माझ्या तोंडाला लावलंस."

"राम्या, मी सांगणार व्हतो. तुझ्या गळ्याची आण." शहादेव रडायला लागला होता, तेव्हा रडला होता अगदी तसाच. "सांगितलं बी. तिसऱ्या दिशी राख सावडायला गेलतो तवा तुझ्या आईच्या पायावर पडलो. समदं सांगितलं. तीच म्हणली, गप ऱ्हा."

"कोण म्हणलं?"

"केशरमावशी. तुझी आई. म्हणली, रामाला सांगू नगंस."

आत, शेडमध्ये, काहीच वाजलं नाही. तीन दिवसांत पहिल्यांदाच ते शेड नुसतं शेड वाटत होतं. तिथलं काम आटोपलं होतं.

६

भर दुपारी रामकिसन घरी आला. अंगणात त्याची बायको जानकी मिरच्या वाळत घालत होती. "एवढ्या लवकर?" ती म्हणाली. तो सरळ पलीकडच्या खोलीकडे गेला.

दार अर्धवट लोटलेलं होतं. आत अंधार, चुलीपुरता उजेड. केशरबाई पाठमोरी बसून भाकरी थापत होती. एका कडेला तिची बाज, बाजेवरून खाली लोंबणारी वाकळ. अकरा वर्षांत तो या उंबऱ्याच्या आत आला नव्हता.

"शहादेवनं सांगितलं मला," तो म्हणाला.

थापणं थांबलं. मग परत सुरू झालं.

"कळलं व्हय," आई म्हणाली.

तिचा आवाज म्हातारा झाला होता. रामकिसनच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि त्या पाण्याचा त्याला राग आला.

"कावून, आई? मी काय केलं व्हतं तुझं?"

"काय बी न्हाई केलंस." तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "त्याची दोन लेकरं कुकुली व्हती. लोकांला कळलं असतं तर विहीर जवळ केली असती त्यानं. एक घर बुडालं व्हतं, दुसरं कशाला बुडवायचं? तू दांडगा. तुझ्यानं पेललं असतं. पेललंस बी."

"मग बोलायचं तरी माझ्याशी! मला वाटलं तू मला खुनी समजतीस. अकरा वर्सं मला तेच वाटतंय."

"बोलले असते तर त्वांडातनं निघालं असतं," ती म्हणाली. "आईचं त्वांड ते. एकदा उघडलं की समदं बाहेर. म्हणून मिटून घेतलं."

तिने ते असं सांगितलं, जसं कोणी कणगीचं तोंड का लिंपलं ते सांगतं. रामकिसन उंबऱ्यात उभा होता. त्याला बसावंसं वाटत होतं, तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटत होतं, आणि तिचा तो तवा उचलून अंगणात भिरकावावासाही वाटत होता.

"त्यानं लई डोकं उठवलं माझं," ती पुढे म्हणाली, तव्याकडे बघत. "रोज तेच. दादाला सांग, दादाला सांग. मी म्हणलं, न्हाई. तू गप बस, तुला काय कळतंय संसारातलं. लहानपणापसनं हट्टीच. शेवटी गेला बघ तिकडं शेडात, माझं न ऐकता."

"कोण?" रामकिसन म्हणाला. "कोण गेला, आई?"

भाकरी फुगली होती. तिने ती काढली, चतकोर मोडली, आणि मान न वळवता, सवयीने, हात बाजेखाली नेला.

वाकळ हलली. खालून एक हात आला, तळवा वर. मनगटापर्यंत तांबड्या मातीने माखलेला. मधलं बोट अर्ध्यातच संपत होतं. समाधानचं बोट तो सोळा वर्षांचा असताना फॅनबेल्टमध्ये गेलं होतं, आणि ते फडक्यात गुंडाळून त्याला दवाखान्यात रामकिसननेच पाठीवर नेलं होतं.

मांजर असेल, असं त्याने मनाशी म्हणून पाहिलं. उन्हातून आलोय, डोळ्यांपुढे अंधारी आहे, असंही म्हणून पाहिलं. हाताने चतकोर घेतली आणि आत ओढली.

"भाजंल, दमानं," आई त्या अंधाराला म्हणाली.

या आवाजात ती रामकिसनशी कधी बोलत होती, ते त्याला आठवेना. त्याला भीती वाटायला हवी होती. पण त्याला झोंबलं ते दुसरंच होतं. अकरा वर्षं तो अंगणापलीकडे बसून एका भावासाठी झुरत होता, आणि तो भाऊ इथे, वीस पावलांवर, गरम गरम जेवत होता. दोघांचं सगळं बोलणं झालं होतं. एकट्या त्यालाच कोणी सांगितलं नव्हतं.

"आत ये, न्हाईतर दार तरी लोट," आई म्हणाली. "उजेड सोसत न्हाई त्याला."

रामकिसन एक पाऊल मागे सरला आणि त्याने बाहेरून दार ओढून घेतलं. जानकी मिरच्यांवरून मान वर करून बघत होती. आतून भांड्याचा आवाज आला, मग चावण्याचा, मग आईचं बारीक, मायेचं बोलणं.

"झालं का आता तुझ्या मनासारखं?" ती म्हणत होती. "जेव."